दादींचा डबा आणि उपनगरची जागा

अंधेरीच्या एका वाचक भगिनीचे पत्र गेल्या महिन्यात आमच्याकडे आले. पत्र तसे घरगुती आहे. त्यांच्या मरहूम दादी सांगत असत की, पहिल्या निवडणुकीत त्यांनी ‘उपनगर’मधून एका बाईंना मत दिले. शिक्काबिक्का काही मारला नाही, चिठ्ठी नुसती डब्यात टाकली आणि त्या बाई निवडून दिल्लीला गेल्याही. घरातल्या मुलांना हे पटत नाही. दादींच्या पणतूने मोबाइलवर मुंबईचे सहाही लोकसभा मतदारसंघ काढून दाखवले. त्यात उपनगर नावाचा मतदारसंघ नाही. ‘दादींचा काहीतरी घोळ झाला असेल’ म्हणून विषय मिटला. भगिनी विचारतात, दादी खरे सांगत होत्या का? पत्राच्या शेवटी जाता जाता त्यांनी आणखी एक गोष्ट लिहिली आहे. त्यांच्या अम्मींचे नाव गेल्या निवडणुकीत मतदार यादीत सापडले नाही. अम्मी केंद्रावरून तशाच परत आल्या.

अम्मींकडे आम्ही नंतर वळू. आधी दादींचे. दादी अगदी खरे सांगत होत्या.

१९५१-५२ च्या पहिल्या लोकसभा निवडणुकीत ‘मुंबई उपनगर’ नावाचा मतदारसंघ होता. तेथून काँग्रेसच्या जयश्री नैषध रायजी निवडून आल्या. त्यानंतर या नावाने लोकसभेची निवडणूक झालेली नाही. पाच वर्षे नांदून तो मतदारसंघ कागदावरून गेला, म्हणून मुलांना मोबाइलवर दिसला नाही.

‘उपनगर’ हा शब्द आज आपण सहज वापरतो, पण त्याला सरकारी अर्थ आला तो १९२० मध्ये. तोपर्यंत माहीमच्या खाडीपलीकडचा सारा साष्टीचा भाग ठाणे जिल्ह्यात होता. त्यातला दक्षिणेकडचा तुकडा काढून मुंबई उपनगर जिल्हा केला गेला. वांद्रे, कुर्ला, अंधेरी, घाटकोपर ही तेव्हा वेगळी गावे होती, त्यांच्या स्वतःच्या नगरपालिका होत्या. शहरातली माणसे हवापालटाला तिकडे जात. १९५० मध्ये महापालिकेची हद्द पश्चिमेला जोगेश्वरी आणि पूर्वेला भांडुपपर्यंत गेली, १९५७ मध्ये ती दहिसर आणि मुलुंडला भिडली. म्हणजे दादींनी मत दिले तेव्हा अंधेरी नुकतीच मुंबईत आली होती. लोक मात्र गाडीत बसताना ‘मुंबईला जातो’ असेच म्हणत. आमच्या ओळखीची काही वृद्ध मंडळी आजही म्हणतात.

दादींच्या त्या मताचे मोल समजायचे तर त्याच्या आधीचे दिवस आठवावे लागतात. १९०९ च्या सुधारणांपासून मुसलमानांची मतदार यादी वेगळी असे. मुस्लिम जागेसाठी उमेदवार मुस्लिम आणि मत देणारेही मुस्लिमच. आणि ‘मत देणारे’ म्हणजे तरी किती? मालमत्ता, कर किंवा शिक्षण यांपैकी काही असेल त्यालाच मत. बायकांना मिळाले तेही बहुतेक नवऱ्याच्या मालमत्तेच्या आधाराने. भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या, अंगठा उठवणाऱ्या बाईचा त्यात प्रश्नच नव्हता.

घटना समितीत या वेगळ्या यादीवर बरीच चर्चा झाली. समितीतल्या एकमेव मुस्लिम महिला सदस्य बेगम ऐजाज रसूल यांनी वेगळे मतदारसंघ तर नकोतच, पण धर्मावर आधारलेल्या राखीव जागाही नकोत, अशी बाजू मांडली. अल्पसंख्याकांना बहुसंख्याकांपासून कायमचे तोडून टाकणारे हे हत्यार अखेर अल्पसंख्याकांवरच उलटते, असा त्यांचा मुद्दा होता. सगळ्या मुस्लिम सदस्यांना तो पटला नव्हता. आजही पटत नसलेले लोक आहेत आणि त्यांच्या म्हणण्यात तथ्यच नाही असे आम्ही म्हणणार नाही. पण निर्णय झाला. १९५२ मध्ये एकवीस वर्षे पूर्ण केलेल्या प्रत्येकाला मत आणि सगळ्यांची यादी एक. दादी, त्यांच्या शेजारची ख्रिस्ती बाई, समोरच्या चाळीतली मराठा बाई, सगळ्या एकाच यादीत आणि एकाच रांगेत.

डब्याचे म्हणाल तर तेही खरे. त्या निवडणुकीत मतपत्रिकेवर शिक्का मारायचा नव्हता. प्रत्येक उमेदवाराची वेगळी पेटी, पेटीवर त्याच्या निशाणीचे चित्र. काँग्रेसची बैलजोडी, समाजवाद्यांचे वडाचे झाड. पडद्याआड जायचे आणि आपली चिठ्ठी हव्या त्या पेटीत सोडायची. लोकसभेची एक चिठ्ठी, विधानसभेची एक. वाचता न येणाऱ्यांसाठी ही सोय होती. पडद्यात राहणाऱ्या बायकांनी बाहेर पडावे म्हणून देशभर हजारो केंद्रे केवळ स्त्रियांसाठी ठेवली होती.

आता एक गोष्ट, जी आम्हाला या साऱ्या इतिहासात सर्वांत महत्त्वाची वाटते. पहिली यादी तयार करताना कर्मचारी घरोघर गेले तेव्हा लाखो बायकांनी स्वतःचे नाव सांगितलेच नाही. ‘अमक्याची बायको’, ‘तमक्याची आई’ एवढेच सांगितले. परक्या पुरुषाला बाईचे नाव सांगायचे नाही, हा रिवाज. तो केवळ आपल्यात होता असे नाही. हिंदू घरांतही होता आणि उत्तरेकडे फार कडक होता. पहिले मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी निर्णय घेतला की, नावाशिवाय मतदार असू शकत नाही. मुदत वाढवून दिली, बायकांना नाव सांगायला समजावले. तरीही सुमारे २८ लाख बायकांची नावे यादीतून वगळावी लागली. बहुतेक बिहार, उत्तर प्रदेश, राजस्थान, मध्य भारत या भागांतल्या. सेन यांच्यावर तेव्हा टीका झाली. आम्हाला मात्र वाटते की, त्यांनी बाईला तिचे नाव परत दिले. पुढच्या निवडणुकीत यातल्या बहुतेक बायका स्वतःच्या नावाने आल्या.

म्हणजे अंधेरीच्या दादींनी दारात उभ्या असलेल्या कारकुनाला स्वतःचे नाव सांगितले होते. पत्र लिहिणाऱ्या भगिनीने ही गोष्ट पणतूला जरूर सांगावी.

ज्यांना त्यांनी मत दिले त्या जयश्रीबेन कोण? बडोदा संस्थानचे दिवाण मनुभाई मेहता यांच्या कन्या, जन्म १८९५, सुरतचा. ज्या हंसाबेन मेहतांमुळे संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यात ‘सारे पुरुष’ असा अर्थ निघू शकणाऱ्या शब्दांऐवजी ‘सारी माणसे’ आले, त्या यांच्या धाकट्या भगिनी. जयश्रीबेननी दुकानांपुढे निरोधने केली, १९४२ च्या आंदोलनात सहा महिने तुरुंगात काढले आणि आयुष्यभर बायका-मुलांसाठी काम केले. ४८९ जागांच्या त्या लोकसभेत स्त्रिया फार थोड्या होत्या, त्यांतली एक आपल्या उपनगरांनी पाठवली होती. आज त्यांचे नाव उपनगरांत कुणाला माहीत असेल असे वाटत नाही.

१९५७ मध्ये मतदारसंघांची नावे बदलली आणि इथे अभ्यासकांचाही गोंधळ होतो. १९५२ मध्ये ‘मुंबई शहर उत्तर’ नावाची एक जोडजागा होती, म्हणजे एका मतदारसंघातून दोन खासदार. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा पराभव झाला तो तिथे, नारायण काजरोळकरांकडून. १९५७ मध्ये गिरणगावाच्या बाजूची जोडजागा ‘मध्य’ झाली आणि ‘मुंबई शहर उत्तर’ हे नाव उपनगरांकडे गेले. तेव्हा ‘उत्तर मुंबई’ म्हटले की कोणत्या सालची, हे आधी विचारावे.

संयुक्त महाराष्ट्राच्या लाटेत १९५७ ला मुंबईतून काँग्रेसचे दोघेच तरले. दक्षिणेत स. का. पाटील आणि या नव्या उत्तरेत व्ही. के. कृष्ण मेनन. मेनन मूळचे कालिकतचे, आयुष्याची ऐन वर्षे लंडनमध्ये काढलेली. त्याच वर्षी जानेवारीत सुरक्षा परिषदेत काश्मीरवर त्यांनी आठेक तासांचे भाषण केले होते आणि घरोघरी त्यांचे नाव झाले होते. पुढे ते संरक्षणमंत्री झाले.

पण या मतदारसंघाची खरी निवडणूक म्हणजे १९६२ ची. तशी लढत मुंबईने पुन्हा पाहिली असेल असे वाटत नाही. मेननांसमोर आचार्य कृपलानी. गांधीजींचे जुने सहकारी, स्वातंत्र्य मिळाले तेव्हा काँग्रेसचे अध्यक्ष, नंतर काँग्रेस सोडून नेहरूंचे कडवे टीकाकार. बिहारातली जागा सोडून ते मुद्दाम मेननांना पाडायला इथे आले. त्यांच्यामागे जनसंघ, स्वतंत्र पक्ष, प्रजासमाजवादी अशी एरवी एकमेकांचे तोंड न पाहणारी मंडळी. मेननांमागे काँग्रेस आणि बाहेरून कम्युनिस्ट. चीनच्या सीमेवर काय चालले आहे, रशियाकडे झुकायचे की अमेरिकेकडे, हे प्रश्न कुर्ल्याच्या आणि मालाडच्या नाक्यांवर बोलले जाऊ लागले. परदेशी वार्ताहर लोकलच्या गर्दीत उभे राहून बातम्या पाठवत होते. मतदानाच्या दोनच महिने आधी, १९६१ च्या डिसेंबरात, गोव्यात सैन्य गेले होते आणि मेनन संरक्षणमंत्री होते. वांद्र्याच्या गोवेकर ख्रिस्ती घरांत त्यावर काय काय बोलले गेले असेल, याचा अंदाज वाचकांनी करावा.

एक कौटुंबिक गोष्ट सांगायचा मोह आवरत नाही. कृपलानी काँग्रेसशी लढत होते तेव्हा त्यांच्या पत्नी सुचेता कृपलानी उत्तर प्रदेशात काँग्रेसच्याच सरकारात मंत्री होत्या. पुढच्याच वर्षी त्या देशातल्या पहिल्या महिला मुख्यमंत्री झाल्या. नवरा-बायको दोन पक्षांत आणि संसार शाबूत. घरातल्या व्हॉट्सॲप गटावर राजकारणावरून भाऊ भावाशी बोलेनासा होतो त्या आपल्या काळात ही जोडी आठवावी.

आणि दिलीप कुमार! पाली हिलच्या युसूफ खानांना खुद्द पंडितजींनी मेननांसाठी गळ घातली, हे त्यांनी स्वतः आपल्या आत्मकथनात सांगितले आहे. ते जुहूच्या काँग्रेस कार्यालयात मेननांना भेटले आणि मग सभांमध्ये बोलू लागले. मेननांची हिंदी म्हणजे आनंद. फर्डे इंग्रजी बोलणारा मंत्री आणि त्याच्या बाजूने अस्खलित उर्दूत बोलणारा नट, असा तो थाट. गर्दी कुणासाठी जमत होती हे सांगायला नको. निकाल लागला तेव्हा मेननांना कृपलानींच्या जवळजवळ दुप्पट मते होती, आघाडी दीड लाखाच्या घरातली.

ती खुशी आठ महिनेही टिकली नाही. ऑक्टोबरात चीनने हल्ला केला, नोव्हेंबरात मेननांना मंत्रिमंडळाबाहेर पडावे लागले. उपनगरांनी ज्या प्रश्नावर एवढा मोठा कौल दिला होता त्याच प्रश्नावर कौल चुकीचा होता, असे लोक म्हणू लागले. कृपलानी १९६३ मध्ये अमरोह्याच्या पोटनिवडणुकीत केंद्रीय मंत्री हाफिज मुहम्मद इब्राहिम यांना हरवून लोकसभेत पोहोचले आणि नेहरू सरकारवर पहिला अविश्वास ठराव त्यांनीच आणला.

१९६७ च्या आधी सीमा पुन्हा आखल्या गेल्या. पसरत चाललेली उपनगरे एका मतदारसंघात मावेनात. एकाचे दोन झाले. पश्चिम रेल्वेच्या बाजूचा वायव्य, मध्य रेल्वेच्या बाजूचा ईशान्य. ‘मुंबई शहर उत्तर’ संपली. तिच्याबरोबर मेननांची उमेदवारीही संपली. ते बाहेरचे, म्हणून काँग्रेसने त्यांना तिकीट नाकारले. ईशान्य मुंबईत काँग्रेसचे उमेदवार झाले स. गो. बर्वे, पानशेतच्या पुरानंतर पुणे उभे करणारे कर्तबगार अधिकारी. मेनन अपक्ष उभे राहिले. आदल्या वर्षी जन्मलेल्या शिवसेनेने ‘परप्रांतीय’ मेननांविरुद्ध रान उठवले. बर्वे थोड्या फरकाने जिंकले आणि काही दिवसांतच वारले. पोटनिवडणुकीत त्यांच्या भगिनी तारा सप्रे उभ्या राहिल्या आणि मेनन दुसऱ्यांदा पडले.

आम्हाला इथे थोडे थांबावेसे वाटते. हाच माणूस १९३४ पासून १९४७ पर्यंत लंडनच्या सेंट पँक्रस भागाचा नगरसेवक होता. गोऱ्या लोकांनी त्याला तेरा वर्षे आपला प्रतिनिधी मानला. दहा वर्षे खासदार राहिल्यावर मुंबईला तो बाहेरचा वाटला. बर्वे लायक होते, त्यांच्याबद्दल वाद नाही. पण ‘हा इथला नाही’ हे वाक्य एकदा चालले की कुणाकुणाच्या दारात जाऊन उभे राहते, हे उपनगरातल्या मुस्लिम घरांना आम्ही वेगळे सांगायला नको. मेनन पुढे १९६९ मध्ये बंगालमधल्या मिदनापूरने आणि १९७१ मध्ये त्रिवेंद्रमने निवडून दिले.

नंतरचा इतिहास वाचकांना बराचसा ठाऊक आहे, म्हणून भरभर. १९७७ मध्ये उपनगरांचा तिसरा तुकडा झाला, उत्तर मुंबई, तेथून मृणाल गोरे गेल्या. दादींची अंधेरी वायव्येत राहिली. १९८४ मध्ये तिथे सुनील दत्त यांनी राम जेठमलानींना हरवले. १९९२-९३ च्या दंगलींत दत्तसाहेब वस्त्यांमधून फिरले आणि आपल्याच पक्षाच्या सरकारचा निषेध म्हणून खासदारकीचा राजीनामा देऊ केला. त्या दिवसांत ज्यांच्या घरी त्यांनी पाठवलेले धान्य आले ती माणसे त्यांचे नाव अजून दुआत घेतात. १९९० मध्ये मुंबई उपनगर जिल्हा पुन्हा वेगळा झाला, पण लोकसभेच्या यादीत ते नाव परतले नाही.

आजच्या सीमा २००८ च्या. कुर्ला उत्तर मध्य मुंबईत, गोवंडीची शिवाजीनगरची बाजू ईशान्येत, चित्ता कॅम्प दक्षिण मध्यमध्ये, मालवणी उत्तरेत. शहरातून मुंब्र्याला गेलेले लोक कल्याण मतदारसंघाचे मतदार आहेत, मीरा रोडला गेलेले ठाण्याचे. ईदच्या दिवशी एका दस्तरख्वानवर बसलेल्या चार भावांचे चार खासदार असू शकतात. या रेषा मुद्दाम अशा ओढल्या की ओढता ओढता अशा झाल्या, यावर दोन मते आहेत. आमचे मत असे की, रेषा आपल्या हातात नाहीत, यादीतले नाव आहे.

आणि अंधेरी? २०२४ मध्ये वायव्य मुंबईचा निकाल ४८ मतांनी लागला. लाखो मते मोजून अठ्ठेचाळीस. एका इमारतीच्या दोन मजल्यांवर याहून जास्त मतदार राहतात. कोण जिंकले, कोण हरले, हा या सदराचा विषय नाही. त्या दिवशी केंद्रावरून परत आलेल्या अम्मी कुणाला मत देणार होत्या, हेही आम्हाला माहीत नाही आणि विचारायचेही नाही. पण त्या परत आल्या, हे चांगले झाले नाही.

आम्ही भगिनींना फोन करून अम्मींचे माहेर विचारले. माहेर कुर्ल्याचे. माहेरच्या यादीत शोधायला सांगितले. नाव तिथे निघाले, वडिलांच्या नावासह, ‘बी’ लावून. आधार कार्डावर ‘बानो’ आहे आणि पतीचे नाव आहे. लग्न होऊन इतकी वर्षे झाली, त्या नांदत आहेत अंधेरीत आणि त्यांचे मत राहिले कुर्ल्यात. हे एका घरचे नाही. आपल्या बायकांच्या नावांमागे बी, बानो, बेगम, खातून लागतात, शेखचे शैख होते, आधी वडिलांचे नाव आणि मग पतीचे. प्रत्येक कागदावर वेगळी बाई उभी राहते. ‘अमक्याची बायको’ हे १९५२ मध्ये गेले, पण पूर्ण गेलेले नाही.

तर करायचे ते असे. नाव दुसरीकडे असेल किंवा चुकीचे असेल तर नमुना ८. पत्ता बदलणे आणि दुरुस्ती दोन्ही त्यातच होतात. नाव कुठेच नसेल तर नमुना ६. नाव दोन ठिकाणी ठेवणे कायद्याने चालत नाही, तेव्हा ‘तिकडचेही राहू दे’ असे करू नये. इंतकाल झालेल्यांचे नाव काढायला नमुना ७. तो भरायला घरात कुणाचा हात उठत नाही हे आम्हाला समजते, पण भरावा. अर्ज आयोगाच्या संकेतस्थळावर भरता येतो किंवा मतदान केंद्राच्या अधिकाऱ्याकडे देता येतो. शंका असेल तर १९५० या क्रमांकावर विचारावे. अर्ज दिल्याची पोच जपून ठेवावी, नुसते ‘होऊन जाईल’ ऐकून घरी येऊ नये.

अम्मींचा नमुना ८ भरून झाल्याचे भगिनींनी कळवले आहे. नाव स्वतः अम्मींनी सांगितले, मुलीने लिहिले. दादींच्या ज्या पणतूने मोबाइल काढून दाखवला होता, तो ऑगस्टमध्ये अठरा वर्षांचा झाला. त्याला वाटत होते की, आता पुढच्या जानेवारीपर्यंत थांबावे लागेल. तसे नाही. पूर्वी १ जानेवारी ही एकच तारीख धरत. आता १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर अशा चार आहेत. त्याने १ ऑक्टोबर धरून नमुना ६ भरावा.